मांड्या का सोलवटतात?

हा प्रश्न सहसा चारचौघांत विचारला जात नाही. पहिल्या शंभर किलोमीटरच्या राइडच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या जाणत्या सायकलस्वाराला फोन येतो. टायरमध्ये हवा किती भरायची, पहाटे किती वाजता निघायचं, वाटेत नाश्ता कुठे, असं सगळं बोलून होतं आणि मग आवाज खाली येतो. ‘‘एक विचारू का? त्या पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची असते का हो?’’

नाही. पॅडवाली शॉर्ट्स थेट अंगावरच घालायची. पण एवढं सांगून फोन ठेवला तर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, कारण त्याच्या मनात खरा प्रश्न दुसराच असतो. साठ किलोमीटरपर्यंत काही वाटत नाही, मग जांघेत चरचरायला लागतं, शंभराच्या आसपास बसवत नाही, आणि घरी आल्यावर अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला की डोळ्यांत पाणी येतं. हे का होतं, आणि टाळता येतं का?

टाळता येतं, जवळजवळ पूर्णपणे. मात्र बहुतेक जण उपाय उलट्या क्रमाने करतात. आधी मलम आणतात, मग सीटवर जेलचं गुबगुबीत कव्हर चढवतात, मग महागडी शॉर्ट्स घेतात आणि सायकलच्या सीटची उंची मात्र दुकानदाराने पहिल्या दिवशी लावली तीच ठेवतात. या प्रकरणात आपण क्रम सुलटा करू.

१. ‘सवय झाली की थांबेल’ हे खरं नाही

नवख्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, चालवत राहा, कातडी निबर होईल. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. आपण बसतो तेव्हा कमरेच्या हाडाची दोन टोकं खाली टेकतात. त्यांना आपण बैठकीची हाडं म्हणू. या हाडांभोवती सुरुवातीला जो ठणका लागतो, तो नियमित सायकल चालवली की काही आठवड्यांत कमी होतो. पण जांघेतली आणि मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा अशी निबर होत नाही. तिथे रोज घासलं तर रोज सोलवटतं.

याचा पुरावा जगातल्या अव्वल सायकलपटूंकडे पाहिलं तरी मिळतो. १९८७ साली स्पेनची व्हुएल्टा ही तीन आठवड्यांची शर्यत आयर्लंडचा शॉन केली जिंकत आला होता. शेवटचे तीन दिवस उरले असताना, पहिल्या क्रमांकावर असताना, त्याने शर्यत सोडली, कारण सीटवर टेकण्याच्या जागी झालेलं गळू. पुढच्या वर्षी त्याने तीच शर्यत जिंकून दाखवली. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटही असाच. फ्रान्सचा लोराँ फिन्यों अखेरच्या दिवशी अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या ५० सेकंद पुढे होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत फक्त २४.५ किलोमीटर उरले होते. तेवढ्यात ती आघाडी गेली आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत फिन्यों ८ सेकंदांनी हरला. लेमाँडच्या सायकलला वारा कापायला मदत करणारं हँडल होतं, त्याचा वाटा मोठा आहे. पण त्या दिवशी फिन्योंच्या बैठकीच्या जागीही गळू होतं आणि त्या दुखण्याने तो बेजार होता. ही माणसं वर्षाला हजारो किलोमीटर चालवणारी. सवयीने प्रश्न सुटत असता तर यांचा कधीच सुटला असता.

तेव्हा, मांड्या सोलवटल्या म्हणून तुम्ही कच्चे ठरत नाही. लाजून गप्प बसण्यासारखं त्यात काही नाही.

२. ओल, दाब आणि घासणं

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागावर तो मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका पातळ असतो. बाहेरची घाण आणि जंतू आत येऊ न देण्याचं काम हाच थर करतो. कोरडा असताना तो चिवट असतो. घामाने भिजला की पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो.

वालाचं बिरडं करणाऱ्या घरात हे वेगळं समजावून सांगायला नको. कोरड्या वालाला नखाने कितीही खरवडा, साल सुटत नाही. तेच वाल रात्रभर भिजवून, मोड आणून घेतले की बोटांच्या चिमटीत नुसता दाबला तरी दाणा सालीतून सटकतो. जांघेत ओल, दाब आणि सरकणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्वचेच्या वरच्या थराचं असंच होतं.

ओल्या त्वचेची आणखी एक खोड आहे. आपल्याला वाटतं, ओलं म्हणजे निसरडं. पण दमट त्वचा कापडाला अधिक चिकटते. कोरड्या त्वचेच्या तुलनेत तिथलं घर्षण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतं. म्हणजे साल मऊ पडलेली, आणि तिला ओढणारा जोरही वाढलेला.

आता घासणं किती होतं ते मोजू. समजा तुम्ही २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला गेलात. ही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं असतं. २०० किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा तास तुम्ही प्रत्यक्ष पेडल मारत आहात आणि मिनिटाला पायाचे ७५ फेरे होत आहेत असं धरू. तासाला ४,५०० फेरे, दहा तासांत ४५,०००. म्हणजे प्रत्येक मांडी सीटच्या कडेवरून पंचेचाळीस हजार वेळा खाली आणि तितक्याच वेळा वर जाते. शॉर्ट्सच्या आतली एखादी जाड शिवण घरात घालून पाहिली तर जाणवतही नाही. पंचेचाळीस हजार वेळा घासल्यावर तीच शिवण कातडी काढते.

ओल, दाब, घासणं. यातलं एक जरी बरंच कमी केलं तरी कातडी वाचते, आणि सुदैवाने तिन्ही कमी करता येतात.

३. कोकणातला घाम आणि देशावरचा घाम

आपल्याकडच्या सायकलस्वाराला एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपला घाम दोन तऱ्हेचा आहे.

अलिबागहून मुरुड-श्रीवर्धनकडे किनाऱ्याने निघा. हवेतच इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही. तासाभरात शॉर्ट्सचं पॅड ओलंचिंब होतं आणि दिवसभर तसंच राहतं. त्यात कोकणातले चढ छोटे पण तीव्र. चढावर वेग घटतो, अंगाला वारा लागत नाही, आणि माणूस सीटवर जड बसून जोर लावतो. ओल आणि दाब दोन्ही एकदम वाढतात.

मार्चनंतर सोलापूर-पंढरपूरकडे जा, तिथे उलट. घाम येतो तसा वाळतो आणि मागे मीठ ठेवतो. काळ्या शॉर्ट्सवर दुपारपर्यंत पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उमटतात. त्यावरून बोट फिरवून पाहा, कचकच लागते. बाहेर दिसणारं हे मीठ आत पॅडवरही असतं, आणि मांडी त्याच्यावर घासत असते. देशावरच्या राइडमध्ये पाण्याची एक जादा बाटली निव्वळ धुण्यासाठी ठेवावी असं मी म्हणतो ते यासाठी. दुपारच्या मुक्कामाला जांघा साध्या पाण्याने धुऊन, पुसून कोरड्या केल्या तर उरलेला दिवस सुखाचा जातो.

पावसाळा हा तिसरा प्रकार, आणि सगळ्यात वाईट. आषाढीच्या आधी सायकलवरून पंढरपूरला जाणाऱ्यांना तो वाटेतच गाठतो. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी सरळ बैठकीवर येतं आणि त्यासोबत रस्त्यावरची बारीक वाळूही. या वाळूपुढे कुठलंही मलम टिकत नाही. इथे उपाय एकच, मागच्या चाकाला मडगार्ड. सीटखाली अडकवायचं प्लॅस्टिकचं छोटं मडगार्डसुद्धा चालतं. सायकल दिसायला कशी वाटेल याचा विचार पावसाळ्यात करू नये.

४. आधी सीट

दाब आणि घासणं यांचा उगम सीटमध्ये असतो, म्हणून दुरुस्तीला सुरुवात तिथून.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे सीट वाजवीपेक्षा उंच असणं. पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, म्हणून कंबर त्या बाजूला कलते. दुसरा पाय खाली जाताना दुसऱ्या बाजूला. माणूस सीटवर दर फेऱ्याला डावा-उजवा डुलतो आणि जांघ सीटच्या कडेवर घासत राहते. मागून येणाऱ्या मित्राला सांगा, माझ्या कमरेकडे दोन मिनिटं बघ. कंबर डुलताना दिसली तर सीट उंच आहे.

उंची तपासायची सोपी रीत अशी. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा. टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. नंतर चालवताना आपण चवडा पेडलवर ठेवतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो. आकड्यांत पडताळायचं असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि ०.८८३ ने गुणा. हे अंतर ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर साधारण ७०.६ येतं. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत इतकी उंची असावी. ही सुरुवात समजा. इथून पुढे बदल करायचा तो एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच, आणि त्यावर दोन-तीन राइड करून मगच पुढचा.

दुसरी गोष्ट रुंदीची. बैठकीच्या दोन हाडांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, आणि ते अंगकाठीवरून ओळखता येत नाही. लठ्ठ माणसाला रुंद सीट आणि बारीक माणसाला अरुंद, हा दुकानातला अंदाज म्हणूनच फसतो. घरी मोजायचं तर पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, पार्सलच्या खोक्याचा चालतो. तो जिन्याच्या दगडी पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, सायकलवर वाकता तसं थोडं पुढे वाका आणि पाय जरा वर उचला. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठा उजेडात तिरका धरला की दोन उथळ खळगे दिसतात. नाही दिसले तर बोटाने चाचपा, लागतात. दोन्हींच्या मध्यातलं अंतर मोजा. ते १२ सेंटिमीटर आलं तर त्यात दोन-अडीच मिळवा. साधारण १४ ते १४.५ सेंटिमीटर रुंदीची सीट तुमची. बाजारात १४३ मिलिमीटरची सीट सर्रास मिळते, ती अशा माणसाला जमेल.

सीट अरुंद असली तर हाडं कडेबाहेर जातात आणि शरीराचा भार मधल्या नाजूक भागावर येतो. फार रुंद असली तर मांड्या तिच्या कडांवर घासतात. म्हणूनच फोमची मोठी, खुर्चीसारखी सीट पाच किलोमीटरच्या बाजारहाटाला आरामाची वाटते आणि लांबच्या राइडला काचते. जेलच्या कव्हरचंही तेच. त्यात माणूस रुततो, त्वचेचा जास्त भाग सीटला टेकतो, हवा खेळत नाही, आणि कव्हर स्वतः थोडं थोडं सरकत राहतं. लांबच्या राइडसाठी ते काढून टाका. मी तरी याला अपवाद पाहिलेला नाही.

सीटचा कल मोबाइलमधल्या लेव्हलने पाहता येतो. सुरुवातीला सपाट ठेवा. समोर दाब जाणवला तर सीटचं पुढचं टोक, म्हणजे नाक, किंचित खाली करा. फार खाली केलं तर अंग पुढे घसरतं, ते सावरायला हात मनगटापासून दुखतात आणि घसरण्यातूनच पुन्हा घासणं सुरू होतं.

५. कापड

आता त्या फोनवरच्या प्रश्नाचं कारण. पॅड घामाला त्वचेपासून दूर ओढतं आणि त्वचेला चिकटून तिच्याबरोबर हलतं. घासणं व्हायचं ते पॅड आणि सीट यांच्यात व्हावं, त्वचेवर नको, अशी ती योजना आहे. मध्ये सुती चड्डी आली की योजना मोडते. सुती कापड घाम शोषतं आणि धरून ठेवतं. शिवाय चड्डीच्या पायाची शिवण नेमकी जांघेच्या घडीत येते.

शॉर्ट्स घट्ट हवी. उभं राहिल्यावर थोडी अवघडल्यासारखी वाटते, पण सायकलवर वाकलं की बरोबर बसते. सैल शॉर्ट्समध्ये पॅड सरकतं आणि चुण्या पडतात. घेताना उलटी करून पॅडची कड बोटाने चाचपा. कड हळूहळू पातळ होत कापडात मिसळली पाहिजे, बांधासारखी उभी नको. मध्ये शिवण नको. पॅड फार जाड असलं म्हणजे चांगलं असंही नाही. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स दिवसभराच्या राइडला उत्तम, कारण कमरेला इलॅस्टिकचा काच नाही आणि पॅड जागचं हलत नाही. घाटात दहा वेळा उठबस झाली तरी ते तिथेच असतं.

आणि धुणं. एकदा वापरलेली शॉर्ट्स न धुता दुसऱ्यांदा घालायची नाही, मग ती कितीही कोरडी दिसो. घामात वाढलेले जंतू पॅडमध्ये असतात आणि सोलवटलेल्या त्वचेला तेवढं पुरतं. साध्या साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कापड मऊ करणारे द्रव वापरू नका, त्यांनी कापडाची घाम ओढायची क्षमता कमी होते. वाळत घालताना उलटी करून घाला, म्हणजे पॅडला वारा आणि ऊन लागतं. जुलैत पॅड दोन दिवस वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात चालवणाऱ्याकडे दोन शॉर्ट्स तरी असाव्यात.

६. मलम सगळ्यात शेवटी

सीट आणि कपडे नीट असतील तर मलमाला फार थोडं काम उरतं, आणि तेवढं ते चोख करतं. पूर्वी सायकलच्या शॉर्ट्सना आतून खऱ्या चामड्याचं अस्तर असे. घाम वाळला की ते कडक होई, म्हणून स्वार त्याला मलम चोळत. आता अस्तर कृत्रिम आहे, पण मलम राहिलं, कारण ते त्वचा आणि कापड यांच्यातलं घर्षण कमी करतं.

सायकलिंगसाठी मिळणारी क्रीम चांगली असतात आणि धुताना सहज निघतात. पेट्रोलियम जेली स्वस्त, पावसातही टिकते, पण पॅडमध्ये मुरून बसते आणि धुताना सतावते. खोबरेल तेल छोट्या राइडला चालतं, उन्हात पातळ होऊन तासा-दोन तासांत निघून जातं. काहीही लावा, निघण्यापूर्वी लावा आणि चरचरायला लागायची वाट पाहू नका. जिथे शिवण आणि घडी येते तिथे पातळ थर पुरतो. पावडर मात्र टाळा. ती घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्याच घासतात.

जांघेतले केस वस्तऱ्याने काढून राइडला जाऊ नये. कापलेल्या केसाच्या मुळाशी सूज येते, तिथून पुळी सुरू होते. वाढले असतील तर कात्रीने कमी करा.

७. बायकांच्या सायकलिंगबद्दल

आपल्याकडे या विषयावर बायकांशी फार कमी बोललं गेलं आहे आणि त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. कितीतरी जणी दुखतं म्हणून सायकल सोडतात आणि कारण मात्र वेळ मिळत नाही असं सांगतात.

शरीराची रचना वेगळी असल्यामुळे पुढे वाकल्यावर भार समोरच्या नाजूक भागावर येतो. मध्ये खाच किंवा भोक असलेली सीट आणि नाक थोडं खाली, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या सायकलिंग पथकाने याच प्रश्नावर तज्ज्ञांना एकत्र आणलं. खेळाडूंना तिथले केस काढणं बंद करायला सांगितलं, कारण ते केस घर्षण अडवतात आणि ओलही त्वचेपासून दूर नेतात. सीटचं नाक जास्त खाली करता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाकडेही पाठपुरावा झाला आणि नियम सैल झाला. जगातल्या उत्तम सायकलपटूंना जे सहन करावं लागू नये म्हणून नियम बदलला, ते गावातल्या मुलीने दात-ओठ खाऊन का सोसावं?

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा फार काचतात. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन जमत असेल तर राइड सुसह्य होते. नवी वस्तू मात्र घरी वापरून पाहावी, पहिल्यांदा राइडच्या दिवशी नको.

८. वाटेत

दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून उठा. दहा-बारा फेरे उभ्याने मारले तरी दाबलेल्या भागात रक्त पुन्हा खेळतं आणि चुरगळलेलं कापड सरळ होतं. गतिरोधक आणि खड्डा दिसला की उठायची सवय लावली की वेगळं घड्याळ लावायला नको. आपल्या रस्त्यांवर तेवढी संधी मिळतेच.

एखाद्या जागी गरम, टोचल्यासारखं वाटू लागलं की पुढच्या चहापर्यंत थांबू नका. तिथेच आडोसा शोधा, धुवा, पुसा, क्रीम लावा, शॉर्ट्सची चुणी काढा. ही पाच मिनिटं टाळली तर पुढचे पाच तास भरपाई करावी लागते. ३०० किलोमीटरच्या पुढे जाणार असाल तर एक कोरडी शॉर्ट्स बॅगेत असू द्या. आणि राइड संपली की ओल्या शॉर्ट्समध्ये जेवायला किंवा परतीच्या गाडीत बसू नका. दिवसभर वाचवलेली कातडी या शेवटच्या दोन तासांत जाते.

९. पुळी आलीच तर

नुसतं लाल झालं, सोलवटलं असेल तर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टॉवेलने टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा, सैल सुती कपडे घाला आणि पूर्ण बरं होईपर्यंत सीटवर बसू नका. बहुधा दोन-चार दिवसांत भरतं. जंतुनाशक द्रव पाणी न घालता चोळू नका, त्याने भाजतं.

केसाच्या मुळाशी पिवळ्या टोकाची पुळी आली तर फोडायची नाही. कोमट पाण्याचा शेक दिवसातून तीन-चार वेळा द्या. तिचं गळू झालं, लाली पसरत गेली, ताप आला किंवा कातडीखाली टणक गाठ लागली तर थेट डॉक्टर. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी.

कडेने पसरत जाणारा, खाजणारा गोल चट्टा वेगळा. ते बहुधा गजकर्ण असतं आणि त्याला बुरशीवरचं औषध लागतं. इथे एक कळकळीची विनंती आहे. औषधाच्या दुकानात ‘खाजेवर द्या’ म्हटलं की हातात पडणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. आत मात्र बुरशी पसरत राहते आणि जांघेतली मुळातच पातळ त्वचा आणखी पातळ होत जाते. मग पुढच्या राइडला ती आधीपेक्षा लवकर सोलवटते. ट्यूबवरची घटकांची नावं वाचा. बीटामेथाझोन किंवा क्लोबेटासॉल दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नका.

बरं झाल्यावर पहिली राइड तीस किलोमीटरची करा, आणि त्याआधी सीटची उंची पुन्हा एकदा तपासा.